नामिब वाळवंटातील धुक्याचे निरीक्षण

नामिब वाळवंटातील धुक्याचे निरीक्षण म्हणजे आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील नामिब वाळवंटात पडणाऱ्या धुक्याची वारंवारता, विस्तार, कालावधी आणि त्यातून जमिनीला व सजीवांना मिळणारे पाणी यांची पद्धतशीर नोंद ठेवण्याचे शास्त्रीय कार्य होय. नामिबच्या मध्य भागात पाऊस अत्यल्प व अनिश्चित असतो. तेथे कित्येक वर्षी धुक्यातून मिळणारे पाणी पावसाइतके किंवा त्याहून अधिक भरते. त्यामुळे या प्रदेशात धुके हा हवामानातील गौण घटक न राहता पाण्याचा एक मुख्य स्रोत ठरतो.

हे काम प्रामुख्याने नामिबियातील गोबाबेब येथील संशोधन संस्थेत चालते. तेथील हवामान नोंदी १९६२ पासूनच्या आहेत. एकविसाव्या शतकात स्वयंचलित हवामान केंद्रांचे जाळे आणि भूस्थिर उपग्रह यांची त्यांना जोड मिळाली. धुके मोजण्यासाठी पर्जन्यमापकासारखे सर्वमान्य असे एकच साधन नाही. दृश्यमानता, हवेतील पाणी आणि पृष्ठभागावर जमा झालेले पाणी या तीन वेगवेगळ्या राशी असून त्या वेगवेगळ्या उपकरणांनी मोजाव्या लागतात. नामिबमधील धुके कमी होत आहे काय, ते समुद्रावरून येते की जागीच तयार होते, यांसारख्या प्रश्नांची उत्तरे यांपैकी कोणती राशी मोजली यावर बऱ्याच अंशी अवलंबून असतात.

## भौगोलिक पार्श्वभूमी

नामिब हे अटलांटिक महासागराच्या काठाने अंगोलाच्या दक्षिण भागापासून नामिबियामार्गे दक्षिण आफ्रिकेपर्यंत सुमारे २,००० कि.मी. पसरलेले चिंचोळे वाळवंट आहे. त्याच्या मध्य भागातून कुइसेब ही हंगामी नदी वाहते. नदीच्या दक्षिणेस उंच वाळूच्या टेकड्यांचा विस्तीर्ण प्रदेश असून त्यास 'नामिब वालुकासागर' म्हणतात. उत्तरेस दगडगोट्यांची सपाट मैदाने आहेत. नामिब वालुकासागराचा समावेश २०१३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. धुक्याचा प्रभाव असलेले विस्तीर्ण वालुकाक्षेत्र हे त्याचे वैशिष्ट्य त्या वेळी नमूद करण्यात आले.

किनाऱ्यालगत बेंग्वेला हा थंड सागरी प्रवाह दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतो. दक्षिणेकडून वाहणाऱ्या वाऱ्यांमुळे किनाऱ्याजवळचे पृष्ठजल समुद्राच्या दिशेने ढकलले जाते आणि त्याची जागा घेण्यासाठी खोलवरचे थंड पाणी वर येते. या थंड पाण्याच्या सान्निध्याने खालची हवा गार व दमट राहते, तर तिच्यावर उपोष्ण उच्चदाबाच्या पट्ट्यातून खाली उतरणारी उष्ण व कोरडी हवा असते. नेहमी उंचीबरोबर तापमान कमी होते. येथे मात्र काही शे मीटर उंचीवर ते एकदम वाढते. तापमानाच्या या विपरीततेमुळे दमट हवा वर चढू शकत नाही. त्यामुळे पाऊस पडत नाही, परंतु विपरीततेच्या स्तराखाली सपाट, पातळ असे स्तर मेघ तयार होतात. प्रदेशाचे वाळवंटीपण आणि त्यातील धुके ही अशा प्रकारे एकाच कारणाची दोन फळे आहेत.

किनाऱ्यापासून आत जाताना नामिबची जमीन हळूहळू चढत जाते. समुद्रावरून आत येणाऱ्या स्तर मेघाचा तळ ज्या उंचीवर असतो, त्या उंचीची जमीन जेथे येते तेथे ढग जमिनीला टेकतो. किनाऱ्यावरील माणसाला जो डोक्यावरचा ढग दिसतो, तोच पन्नास-साठ कि.मी. आतील माणसाच्या दृष्टीने धुके असतो. ढगाचा तळ खाली असेल तर धुके किनाऱ्यावरच पडते. तो वर असेल तर किनारा मोकळा राहून अंतर्भागात धुके पडते. यामुळे नामिबमध्ये धुक्याचे दोन हंगाम ढोबळपणे ओळखता येतात. किनाऱ्याजवळ ते दक्षिण गोलार्धातील हिवाळ्यात, म्हणजे एप्रिल ते ऑगस्टच्या सुमारास अधिक असते, तर अंतर्भागात त्याचे प्रमाण सप्टेंबर ते मार्च या काळात वाढते.

## काय मोजायचे?

जागतिक हवामान संघटनेच्या व्याख्येनुसार हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म जलबिंदूंमुळे आडवी दृश्यमानता १ कि.मी.पेक्षा कमी झाल्यास त्या स्थितीला धुके म्हणतात. ही व्याख्या जहाज, विमान व रस्ते वाहतुकीच्या दृष्टीने उपयोगी आहे. किती पाणी मिळाले हे मात्र तीवरून कळत नाही. नामिबसारख्या प्रदेशात पुढील तीन राशी वेगळ्या मानाव्या लागतात.

दृश्यमानता : धुके आहे की नाही, कधी सुरू झाले व कधी विरले हे यावरून ठरते. जलबिंदूंची संख्या अधिक व आकार लहान असेल तर पाणी तेवढेच असूनही दृश्यमानता अधिक घटते.

हवेतील द्रवरूप पाणी : एक घनमीटर हवेत किती ग्रॅम जलबिंदू आहेत, ही राशी. धुक्यात हे प्रमाण सामान्यतः ग्रॅमच्या काही शतांश भागांपासून काही दशांश भागांपर्यंत असते. घनमीटरमागे ०.१ ग्रॅम पाणी असलेले १०० मीटर जाडीचे धुके घेतल्यास एक चौरस मीटर जमिनीवर केवळ १० ग्रॅम पाणी तरंगत असते. ते सर्व खाली पडले तरी त्याचा थर अवघा ०.०१ मि.मी. भरेल.

जमा झालेले पाणी : जाळी, गवताचे पाते, दगड, वाळू किंवा कीटकाचे शरीर यांवर प्रत्यक्ष साचलेले पाणी. ते तरंगत्या साठ्यापेक्षा पुष्कळ अधिक असू शकते, कारण वारा सतत नवी दमट हवा आणत असतो. वरीलच धुके सेकंदाला ३ मीटर वेगाने वाहत असेल, तर एक चौरस मीटर उभ्या पृष्ठभागातून तासाभरात सुमारे १ कि.ग्रॅ. पाणी जाते. जाळीने त्यातील चौथा हिस्सा अडविला तरी पाव लिटर पाणी हाती लागते. वाऱ्याचा वेग सेकंदाला १ मीटरवर आल्यास धुक्याची दाटी तीच असूनही हे पाणी एकतृतीयांशाहून अधिक मिळत नाही.

यावरून दाट धुके म्हणजे अधिक पाणी असा सरळ संबंध लावता येत नाही, हे दिसून येते. दव हा आणखी निराळा प्रकार आहे. धुक्यात पाणी हवेतच द्रवरूप झालेले असते, तर दव हे थंड झालेल्या पृष्ठभागावर वाफेपासून थेट तयार होते. नामिबमध्ये एकाच रात्री दोन्ही घडू शकतात. त्यांचे पाणी एकाच भांड्यात पडल्यास ते नंतर वेगळे करणे कठीण असते.

## इतिहास

दक्षिण आफ्रिकेत धुक्याचे पाणी मोजण्याचा आरंभीचा प्रयत्न वनस्पतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ मार्लोट यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी केप टाउनजवळील टेबल माउंटन या डोंगरावर केला. त्यांनी एका पर्जन्यमापकावर बोरूच्या काड्यांची जुडी उभी केली आणि शेजारच्या साध्या पर्जन्यमापकाशी त्याची तुलना केली. काड्यांवर अडलेल्या ढगातील पाण्यामुळे पहिल्या मापकात पुष्कळच अधिक पाणी जमले. धुक्यातून मिळणारे पाणी पृष्ठभागाच्या घडणीवर अवलंबून असते, हे या साध्या प्रयोगातून स्पष्ट झाले. पुढे १९५०च्या दशकात जर्मनीतील योहानेस ग्रुनो यांनी पर्जन्यमापकावर तारेच्या जाळीचा दंडगोल बसवून धुकेमापक तयार केला. त्याचे निरनिराळे प्रकार नंतर अनेक देशांत वापरले गेले.

नामिबमधील दीर्घकालीन नोंदींचा प्रारंभ गोबाबेब केंद्राच्या स्थापनेपासून होतो. ऑस्ट्रियन कीटकशास्त्रज्ञ चार्ल्स कोख यांनी १९६२ मध्ये हे केंद्र कुइसेब नदीच्या काठी, किनाऱ्यापासून सुमारे ६० कि.मी. आत स्थापन केले. वालुकासागर, नदीकाठची झाडी आणि दगडगोट्यांची मैदाने ही तिन्ही परिसंस्था येथे एकत्र येतात. वाळवंटातील भुंगेऱ्यांचा अभ्यास हा केंद्राचा मूळ हेतू होता. परंतु पाण्याच्या हिशेबाशिवाय त्या जीवांचे जगणे उलगडत नसल्याने हवामानाच्या नोंदीही नियमित ठेवल्या जाऊ लागल्या. कोख यांच्यानंतर मेरी सीली यांनी अनेक वर्षे केंद्राचे नेतृत्व केले व धुके आणि सजीव यांच्या संबंधावरील संशोधनाला दिशा दिली.

१९९५ मध्ये जाना ऑलिव्हिए यांनी मेटिओसॅट उपग्रहाच्या प्रतिमांवरून नामिबमधील धुक्याच्या प्रादेशिक वितरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. किनाऱ्यापासून आत जाताना धुक्याचे दिवस कसे घटत जातात हे त्यामुळे प्रथमच विस्तृत प्रदेशासाठी मांडता आले.

## उपकरणे व पद्धती

### मानवी निरीक्षण
सर्वांत जुनी पद्धत म्हणजे ठरावीक वेळी बाहेर पाहून परिचित अंतरावरील खुणा दिसतात किंवा नाही याची नोंद करणे. ही पद्धत स्वस्त व विश्वसनीय असली तरी नामिबमधील धुके बहुधा मध्यरात्रीनंतर येते आणि सकाळी सूर्य वर चढल्यावर विरते. केवळ सकाळच्या एका वेळेच्या नोंदीत पहाटेपूर्वीच विरलेले धुके सुटून जाते. मध्यरात्रीच्या आधी सुरू होऊन नंतर संपलेले धुके एक दिवसाचे धरायचे की दोन, हाही प्रश्न उरतो. त्यामुळे 'वर्षातील धुक्याचे दिवस' हा आकडा वाचताना तो कोणत्या नियमाने मोजला आहे हे पाहणे आवश्यक असते.

### धुकेसंग्राहक
रॉबर्ट शेमेनॉअर आणि पिलार सेरेसेदा यांनी १९९४ मध्ये मानक धुकेसंग्राहकाचा आराखडा सुचविला. त्यात १ मीटर लांब व १ मीटर उंच अशी उभी चौकट असते. तिच्यावर रोपवाटिकेत सावलीसाठी वापरतात तशी प्लॅस्टिकची जाळी दुहेरी ताणलेली असते. चौकटीचा खालचा काठ जमिनीपासून २ मीटर उंचीवर असतो. जाळीवर जमलेले थेंब ओघळून खालच्या पन्हळीत पडतात व तेथून मोजपात्रात जातात. स्वयंचलित केंद्रात पाणी एका छोट्या दुकप्पी पात्रात पडते. एक कप्पा ठरावीक पाण्याने भरताच पात्र कलंडते आणि प्रत्येक कलंडण्याची वेळ नोंदवली जाते.

सपाट चौकट एकाच दिशेला तोंड करून असल्याने वारा तिरका असेल तर तिला कमी पाणी मिळते. ही अडचण टाळण्यासाठी दंडगोलाकृती संग्राहक वापरतात. तो कोणत्याही दिशेच्या वाऱ्याला सारखाच सामोरा असतो. नामिबमधील स्वयंचलित केंद्रांवर या प्रकारच्या संग्राहकाला पसंती देण्यात आली. मात्र चौकट व दंडगोल यांच्या आकड्यांची थेट तुलना करता येत नाही.

### दृश्यमानतामापक
या उपकरणातून प्रकाशाचा झोत हवेत सोडतात व जलबिंदूंमुळे विखुरलेल्या प्रकाशाचे प्रमाण मोजून दृश्यमानता काढतात. धुक्याचा आरंभ व शेवट मिनिटांच्या अचूकतेने कळतो. वाळवंटात उडणारी धूळदेखील प्रकाश विखुरते. म्हणून आर्द्रतेची नोंद सोबत पाहूनच धुके व धूळ यांतील फरक निश्चित करतात.

### प्रारणमापन व अन्य साधने
निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता दीर्घलहरी प्रारणाच्या रूपाने आकाशात सोडते. डोक्यावर ढग किंवा धुके आल्यास तेही खाली प्रारण सोडते व जमिनीची निव्वळ हानी एकदम घटते. ही घट हा खालच्या ढगाच्या आगमनाचा नेमका संकेत असतो. पानांसारख्या पट्टीवर ओल किती वेळ टिकली हे सांगणारे आर्द्रसंवेदक, लेसर किरणाने ढगाच्या तळाची उंची मोजणारा सीलोमीटर, ठरावीक अंतराने छायाचित्रे घेणारे कॅमेरे आणि मातीच्या छोट्या नमुन्याचे वजन सतत करून त्यात मुरलेले पाणी दाखविणारे सूक्ष्मतराजू हीदेखील उपयुक्त साधने आहेत. यांपैकी शेवटचे साधन महत्त्वाचे असण्याचे कारण असे, की जाळीवर जमलेले पाणी म्हणजे मातीला मिळालेले पाणी नव्हे.

## फॉगनेट

दक्षिण आफ्रिकी देश व जर्मनी यांच्या सहकार्यातून २०१२ मध्ये 'सॅसकॅल' ही हवामानबदल व भूव्यवस्थापनविषयक संस्था उभी राहिली. तिच्या सहकार्याने गोबाबेबने मध्य नामिबमध्ये स्वयंचलित केंद्रांची साखळी उभारली. तिला 'फॉगनेट' म्हणतात. किनाऱ्यावरील कोस्टल मेट, क्लाइनबर्ग, फोगेलफेडरबर्ग, मार्बल कॉपी, सोफीज हूख्टे, ऑसिनानिस आणि वालुकासागरातील कन्सेप्शन वॉटर ही तिच्यातील काही केंद्रे होत. तापमान, आर्द्रता, वारा, प्रारण, मातीचे तापमान व धुक्याचे पाणी यांच्या नोंदी येथे घेतल्या जातात.

केंद्रांची मांडणी हे या जाळ्याचे वैशिष्ट्य आहे. काही केंद्रे किनाऱ्यापासून आत जाणाऱ्या रेषेवर, तर काही किनाऱ्याला साधारण समांतर रेषेवर आहेत. त्यामुळे एकाच रात्रीचे धुके कोणत्या केंद्रावर आधी पोहोचले, किती उंचीपर्यंत चढले व कोठून प्रथम विरले हे क्रमाने पाहता येते. एकट्या केंद्राला 'धुके आले' एवढेच कळते. ते वाहत आले की जागीच तयार झाले, हे केंद्रांच्या साखळीलाच सांगता येते.

## उपग्रहीय निरीक्षण

जमिनीवरील केंद्रे मोजकीच असल्याने संपूर्ण वाळवंटाचे चित्र मिळण्यासाठी उपग्रहाची गरज भासते. मेटिओसॅट मालिकेच्या दुसऱ्या पिढीतील भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० कि.मी. उंचीवरून आफ्रिकेचे चित्र दर १५ मिनिटांनी घेतात. त्यांच्या थेट खालच्या भागात प्रतिमेचा एक ठिपका सुमारे ३ कि.मी. क्षेत्राचा असतो.

रात्री धुके ओळखण्याची रूढ पद्धत दोन अवरक्त तरंगलांबींच्या तापमानांतील फरकावर आधारलेली आहे. दिवस उजाडताच त्यांपैकी लघू तरंगलांबीत सूर्यप्रकाश मिसळतो व ती पद्धत निरुपयोगी होते. धुके विरण्याचा काळ नेमका सकाळचा असल्याने ही मोठीच उणीव होती. हेंड्रिक अँडरसन व यान चेर्माक यांनी २०१८ मध्ये केवळ औष्णिक अवरक्त प्रारणाचा उपयोग करणारी व चोवीस तास सारखीच चालणारी पद्धत मांडली. तिच्या पडताळणीसाठी फॉगनेट केंद्रांच्या नोंदी वापरण्यात आल्या.

उपग्रहाची एक मर्यादा मात्र कायम आहे. तो ढगाचा माथा पाहतो, तळ पाहू शकत नाही. म्हणून जमिनीला टेकलेले धुके आणि जमिनीपासून शंभर मीटर वर तरंगणारा स्तर मेघ त्याला सारखेच दिसतात. उपग्रहावरून मिळणारा आकडा यामुळे 'धुके व खालचे ढग' असा एकत्रितच दिला जातो. त्यातील धुके वेगळे काढण्यासाठी जमिनीवरील मोजमापच लागते.

## धुक्याच्या उगमाविषयीचे मतभेद

नामिबमधील धुके समुद्रावरून येते, हा समज दीर्घकाळ निर्विवाद होता. २०१७ मध्ये कुड्झाई कासेके, लिशिन वांग व मेरी सीली यांनी धुके व दव यांच्या पाण्यातील हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या स्थिर समस्थानिकांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. पाण्याचा रेणू बाष्पीभवन व संघनन यांच्या ज्या टप्प्यांतून गेला त्यांची छाप समस्थानिकांच्या प्रमाणात राहते, हे या पद्धतीचे तत्त्व आहे. अभ्यासलेल्या धुक्याच्या घटनांपैकी निम्म्याहून अधिक घटनांत पाणी थेट समुद्राचे नसून स्थानिक उगमाचे होते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. रात्री जमीन थंड होऊन जागीच तयार होणाऱ्या, म्हणजे प्रारणजन्य धुक्याचे महत्त्व वाढत असावे, अशी शक्यताही त्यांनी मांडली.

याच वर्षी सप्टेंबरमध्ये बासेल, कार्ल्सरुहे व बॉन येथील संशोधकांनी गोबाबेबच्या सहकार्याने 'नामिब धुके जीवनचक्र विश्लेषण' या प्रकल्पाची सघन क्षेत्रमोहीम राबविली. वातावरणाचे उभे छेद मोजणारी उपकरणे, फॉगनेट व उपग्रह यांच्या एकत्रित निरीक्षणांतून वेगळे चित्र पुढे आले. धुके व खालचे ढग किनाऱ्याजवळ आधी आणि आत जावे तसे उशिरा येतात. सकाळी विरताना ते प्रथम अंतर्भागात विरतात व किनाऱ्याकडे मागे सरतात. ही कालक्रमणा समुद्रावरून वाहत येणाऱ्या स्तर मेघाशी जुळते. जागीच तयार होणाऱ्या धुक्यात असा क्रम अपेक्षित नसतो. त्यामुळे मध्य नामिबमधील बहुतांश धुके अभिवहनजन्य, म्हणजे वाऱ्याबरोबर वाहत आलेले असते, असे या संशोधकांचे मत आहे.

दोन्ही अभ्यासांत मोजलेली गोष्ट निराळी आहे. पहिल्यात हाती आलेल्या पाण्याच्या नमुन्यांची रासायनिक ओळख तपासली, तर दुसऱ्यात ढगांच्या हालचालीचा माग घेतला. वाहत्या ढगात वाटेतील जमिनीवरची वाफही मिसळू शकते, त्यामुळे ढग कोठून आला आणि त्यातील पाणी कोठले या दोन प्रश्नांची उत्तरे एकच असतील असे नाही. या प्रश्नाला व्यावहारिक महत्त्व आहे. धुके समुद्राचे असेल तर त्याचे भवितव्य बेंग्वेला प्रवाहाच्या तापमानाशी व किनाऱ्यावरील वाऱ्यांशी बांधलेले राहील. ते स्थानिक असेल तर मातीतील ओल, भूजल व रात्रीचे तापमान निर्णायक ठरेल.

## सजीवसृष्टीशी संबंध

नामिबमधील धुक्याच्या निरीक्षणाला चालना मुख्यत्वे जीवशास्त्रीय प्रश्नांतून मिळाली. १९७६ मध्ये विल्यम हॅमिल्टन व मेरी सीली यांनी *ओनीमॅक्रिस अंग्विक्युलॅरिस* या काळ्या भुंगेऱ्याचे वर्तन प्रसिद्ध केले. धुक्याच्या पहाटे तो वाळूच्या टेकडीच्या माथ्यावर चढतो, वाऱ्याकडे तोंड करून डोके खाली व मागचा भाग वर करून उभा राहतो आणि अंगावरून तोंडाकडे ओघळणारे पाणी पितो. एका धुक्यात त्याने शरीराच्या वजनाच्या ३४ टक्क्यांपर्यंत पाणी घेतल्याची नोंद आहे. *लेपिडोकोरा* या प्रजातीचे भुंगेरे वाऱ्याच्या आडव्या दिशेने वाळूत बारीक चर खणतात व चरांच्या कडांवर साठलेली ओल शोषून घेतात, हेही त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. धुक्यासाठी अशी विशिष्ट मुद्रा घेणे हा मात्र तेथील मोजक्याच प्रजातींचा गुण आहे. सर्व भुंगेऱ्यांना तो लागू नाही.

वनस्पतींपैकी *स्टिपाग्रॉस्टिस सॅब्युलिकोला* या टेकड्यांवरील गवताच्या पात्यांवरून पाणी बुंध्याशी ओघळते व उथळ, दूरवर पसरलेली मुळे ते शोषतात. मैदानांवरील शैवाके, म्हणजे दगडफुले, धुक्याची ओल असेल तेवढाच काळ प्रकाशसंश्लेषण करतात. *वेल्विचिया मिराबिलिस* या दीर्घायुषी वनस्पतीची पाने धुक्याचे पाणी थेट शोषतात, असे पुष्कळदा लिहिले जाते. परंतु त्याविषयी संशोधकांत एकमत नाही. धुके व दव यांच्या ओलीत वाळलेल्या गवतावरील बुरशी कार्यक्षम होऊन पालापाचोळा कुजतो, असे २०१५ मधील अभ्यासात आढळले. बुरशी, दगडफुले व भुंगेरे यांपैकी कोणाला ओल किती वेळ टिकली हे महत्त्वाचे, तर कोणाला पाणी किती ओघळले हे. धुक्याचे मोजमाप एकाच आकड्यात संपत नाही, याचे हे जैविक कारण आहे.

## मानवी उपयोग

कुइसेबच्या काठी टोपनार समाजाची लहान गावे आहेत. तेथील पाणी मुख्यतः नदीच्या वाळूखालील भूजलातून मिळते. पूरक स्रोत म्हणून धुक्याचे पाणी जाळ्यांनी गोळा करता येईल काय, याची चाचणी १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात या भागात घेण्यात आली. पाण्याची प्रत चांगली आढळली, तथापि धुके सलग दिवस येत नसल्याने साठवण व जाळ्यांची देखभाल हे मुख्य प्रश्न ठरले. एखाद्या ठिकाणी संग्राहक उभारावेत किंवा नाही, हे ठरविण्यासाठी सर्व हंगामांच्या नोंदी आवश्यक असतात, कारण काही आठवड्यांच्या चांगल्या धुक्यावरून वर्षाचा अंदाज बांधल्यास तो फसतो.

स्वाकोपमुंड व वॉल्व्हिस बे या किनाऱ्यावरील शहरांत धुक्याचा परिणाम रस्ते, हवाई व सागरी वाहतुकीवर होतो. तेथे दृश्यमानतेची नोंद सुरक्षेच्या दृष्टीने महत्त्वाची असते.

## अडचणी व मर्यादा

* देखभाल : समुद्राकडील मिठाने धातूचे भाग गंजतात, भिंगांवर धूळ बसते, जाळी उन्हाने जीर्ण होते. केंद्रे दुर्गम असल्याने बिघाड लक्षात येईपर्यंत नोंदीत खंड पडतो.
* एकके : संग्राहकातील पाणी कधी लिटर प्रति चौरस मीटर, तर कधी मिलिमीटरमध्ये देतात. पावसाचा मिलिमीटर आडव्या जमिनीवरचा असतो, धुक्याचा उभ्या जाळीवरचा. दोहोंची थेट बेरीज वा तुलना दिशाभूल करणारी ठरते.
* उपकरणबदल : जुन्या दंडगोलाच्या जागी नवा संग्राहक बसविल्यास आकड्यांत उडी दिसते. दोन्ही साधने काही काळ शेजारी ठेवून तुलना केली नसेल, तर ती उडी हवामानबदलाची समजली जाण्याचा धोका असतो.
* नैसर्गिक चढउतार : समुद्राचे तापमान व वातावरणाचे दाब यांनुसार धुक्याचे प्रमाण वर्षागणिक बदलते. त्यातून दीर्घकालीन कल वेगळा काढण्यास अनेक दशकांची अखंड नोंद लागते.

धुके कमी होत आहे की वाढत आहे, याविषयीचे विधान करताना या सर्व मर्यादा विचारात घ्याव्या लागतात. गोबाबेबच्या १९६२ पासूनच्या नोंदींचे मोल त्यामुळेच मोठे मानले जाते.

## इतर किनारी वाळवंटांतील निरीक्षण

थंड सागरी प्रवाहाच्या काठी असलेल्या इतर वाळवंटांतही असेच धुके आढळते. चिलीतील अटाकामा वाळवंटात त्यास 'कामान्चाका' म्हणतात. तेथे किनाऱ्यालगतचा डोंगरकडा ढगाला थेट अडवीत असल्याने धुक्याचा पट्टा अरुंद पण पाण्याच्या दृष्टीने समृद्ध असतो. एल तोफो येथील मोजमापांच्या आधारे १९९२ मध्ये चुंगुंगो या मच्छीमारांच्या गावाला मोठ्या संग्राहकांतून पाणीपुरवठा सुरू झाला. सुमारे दहा वर्षांनी मात्र तो बंद पडला. अटाकामातील आल्तो पाताचे येथे चिलीच्या कॅथॉलिक विद्यापीठाचे धुके संशोधन केंद्र आहे. पेरूचा किनारा आणि मेक्सिकोतील बाहा कॅलिफोर्निया येथेही असे धुके पडते. ओमानच्या धोफार भागातील धुके नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांशी निगडित असून ते मुख्यतः जुलै ते सप्टेंबर या काळात असते.

अटाकामातील जमीन एकदम उभी चढते, नामिबमधील हळूहळू. त्यामुळे अटाकामात डोंगराच्या योग्य उंचीवरील एखादे केंद्र पुष्कळ माहिती देऊ शकते, तर नामिबमध्ये धुक्याची जागा रोज बदलत असल्याने दूरवर पसरलेल्या केंद्रांची साखळीच आवश्यक ठरते.

## हेही पाहा

* नामिब वाळवंट
* बेंग्वेला प्रवाह
* अटाकामा वाळवंट
* धुके
* दव
* वेल्विचिया